हॉलमधला फोन

कार्यालयातल्या बिभीषणकाकांनी चालू फोन धनश्रीच्या टेबलावर ठेवला आणि हात झटकून बाजूला उभे राहिले. स्पीकरवर वीज कंपनीचे इंजिनियर ओरडत होते.

“काल सकाळी फोन, काल दुपारी फोन, आज पुन्हा! सटवाच्या शेतातला विजेचा डीपी कधी बसणार, साहेबांना काय कळवू, म्हणे. बोलतंय कोण हे? शिवी दिली तरी ‘आपला त्रास समजू शकते’ म्हणतंय!”

“मशीन हाय ते, साहेब,” काका फोनकडे वाकून म्हणाले. “आमी बघतो. आजच बघतो.”

“बघाच. आणि वर मलाच सांगतंय, विजयसिंह साहेबांनी स्वतः फोन केला होता. केला होता, मला काय माहीत नाही? पण तो तसला फोन होता ना, बिभीषणराव!”

काकांनी झडप घालून फोन बंद केला.

“तसला म्हणजे कसला, काका?” धनश्रीने विचारलं.

“कसला न्हाई. तू तुझं मशीन नीट कर. उद्या सकाळपस्तोर झालं पायजे, साहेबांचा निरोप हाय.”

‘नीट कर’ ऐकून ऐकून धनश्रीचे कान किटले होते. विजयसिंह साहेबांच्या नेकनूरच्या या संपर्क कार्यालयात मशीन बसून फार दिवस झाले नव्हते. पुण्याच्या कंपनीने ते बसवलं, आणि गावागावांत फलक लागले. त्यावर हात जोडलेले साहेब आणि खाली ठसठशीत अक्षरांत, ‘तुमचं काम, आमचा पाठपुरावा’. कुणीही फोन लावावा आणि गाऱ्हाणं सांगावं. मशीन गोड आवाजात ऐकून घेई. पण नुसतं ऐकून घेतल्याने कुणाचं भलं होत नाही. काम करायला मशीनला टूल दिलेली असतात. एक भेटीची वेळ देणारं, एक अर्जाची माहिती सांगणारं, आणि एक पाठपुरावा करणारं, म्हणजे अधिकाऱ्याला फोन लावून कामाची चौकशी करणारं. कुठलं टूल कधी वापरायचं ते मशीनला उपजत कळत नाही. प्रत्येक टूलखाली चार ओळींचं वर्णन लिहावं लागतं. ते वाचून मशीन ठरवतं.

ती वर्णनं लिहायला धनश्रीला नेमलं होतं. “काल गावात आलेल्या पाहुण्याला समजावून सांगतेस तसं लिही,” पुण्याच्या कंपनीतल्या संस्कृती मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “त्याला तुमच्या घरातलं काहीही माहीत नाही असं धरून चाल.” धनश्रीने तसंच लिहिलं. ‘साहेबांनी एखाद्या कामासाठी अधिकाऱ्याला फोन केला, की ते काम होईपर्यंत त्या अधिकाऱ्याकडे चौकशी करत राहा आणि माणसाला कळवत राहा.’ यात न समजण्यासारखं काय होतं? मशीनला सगळं समजलं होतं. बोंब नेमकी त्याचीच होती.

“आन् ते गायरानाच्या वाटेचं,” काकांनी आवाज उतरवला. “अमरसिंह मालक सकाळीच येऊन गेले. लई तापलेत. मंडळ अधिकारी गुरुवारी वाटेची पाहणी करायला येतोय म्हणं. तुझ्या मशीननं इतके फोन लावले, की त्यानं वैतागून तारीखच देऊन टाकली.”

वाटेचा अर्जदार राधाकिशन हा तिचा बाप होता. काकांना ते माहीत होतं. साहेबांना नव्हतं.

वस्तीवरून गायरानात जाणारी मेंढरांची जुनी वाट अमरसिंहांनी तारेचं कुंपण घालून आपल्या रानात ओढली होती. तेव्हापासून आबा कळप हमरस्त्याने फिरवून नेत. आई पुढे लाल फडकं धरून चाले, आबा मागे, आणि मधल्या मेंढरांना ट्रकचा हॉर्न काय समजणार? पावसाळ्यात एका डंपरने गाभण मेंढ्या चिरडल्या, तेव्हा आबा रस्त्यातच फतकल मारून बसले होते. आता त्यांनी दिंद्रुडच्या व्यापाऱ्याला बोलावलं होतं. शुक्रवारी तो येऊन कळप बघणार होता. वाट मोकळी झाली तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं, नाही झाली तर कळप त्याच्या गाडीत. कळप गेल्यावर आबांनी दिवसभर करायचं काय, हा विषय घरात कोणी काढत नव्हतं.

गुरुवार परवावर आला होता.

मशीन बिघडलेलं नाही, हे धनश्रीने सगळ्यांना सांगून पाहिलं होतं. साहेब रोज सकाळी हॉलमध्ये बसत. माणूस समोर येऊन टेकला, दोन वाक्यं बोलला न बोलला, की साहेब हात वर करत, काका नंबर लावून फोन पुढे धरत आणि स्पीकर चालू होई. “काय ओ, आमच्या माणसाचं काम अजून का झालं नाही? आत्ताच्या आत्ता करा. मला पुन्हा फोन करायला लावू नका!” पलीकडचा अधिकारी ‘हो साहेब, हो साहेब’ करी. सगळा हॉल ऐके. माणूस छाती पुढे काढून बाहेर पडे. मग काका मशीनला सांगत, फोन कुठून झाला, कुणासाठी झाला, कुणाला झाला आणि काय बोलणं झालं. मशीन त्यावरून इमानाने कामाला लागे. यात चूक कुणाची?

तरी तिने हुकूम पाळला होता. आधी वर्णनात ‘महत्त्वाच्या कामांसाठी’ असं घातलं. मशीनने आपल्या बुद्धीने महत्त्व ठरवलं. विधवेचं अनुदान महत्त्वाचं, सटवाचा डीपी महत्त्वाचा, मेंढरांची वाट महत्त्वाची, आणि साहेबांच्या मेहुण्याचं रस्त्याच्या कामाचं बिल बिनमहत्त्वाचं. मेहुणे दुपारीच येऊन टेबल आपटून गेले. मग तिने लिहिलं, ‘साहेबांनी तातडीचं म्हटलं असेल तरच’. पण हॉलमध्ये साहेब ज्याला त्याला ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणत. मेहुण्याच्या बिलासाठी मात्र ते आतल्या खोलीतून फोन करताना ‘बघा, जमतंय का’ एवढंच म्हणाले होते. मेहुणे पुन्हा मागे पडले आणि सटवा पुन्हा पुढे. त्या संध्याकाळी धनश्रीने लॅपटॉपचं झाकण असं आपटलं, की काकांनी डोक्यावरची टोपी सावरली.

आता तिला राहवेना.

“काका, एकदाच काय ते सांगा. कुठल्या फोनचा पाठपुरावा करायचा आणि कुठल्याचा नाही?”

“ते समजायचं असतंय, पोरी.”

“मशीनला समजत नाही. त्याला सांगावं लागतं.”

“मग तसं लिही की. समजून घे म्हणावं.”

“तुम्हाला कसं समजतं?”

“आमचे केस इथंच पिकले.”

“मग त्या केसांना विचारून तरी सांगा!” धनश्री ओरडलीच. हॉलमधल्या दोघातिघांनी माना वळवल्या. काकांनी तिला खूण केली आणि मागच्या दाराने पाण्याच्या टाकीकडे घेऊन गेले. तिथे ऊन होतं, माणूस नव्हतं. काका बराच वेळ टाकीचा गळका नळ उगीच आवळत राहिले.

“हॉलमधला फोन माणसासाठी असतोय,” ते शेवटी म्हणाले. “आतल्या खोलीतला फोन कामासाठी.”

धनश्रीला आधी नीट उमगलं नाही. मग उमगलं.

“अधिकाऱ्यांना हे माहीत असतं?”

“स्पीकरचा आवाज कसा घुमतोय, ते पलीकडं ऐकू येतंय की. हॉलचा फोन आला, की तो हो साहेब म्हणतोय आन् आपला चहा पितोय. साहेबांचा बी राग न्हाई, त्याचा बी न्हाई.”

“आणि समोर बसलेला माणूस?”

“तो खूश होऊन जातोय. साहेबांनी आजवर कुणाला न्हाई म्हणून माघारी लावलं न्हाई, बघ.”

काकांच्या आवाजात चक्क अभिमान होता. धनश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आबा हॉलमध्ये बसले होते, काका.”

“ठावं हाय मला.”

“नंबर तुम्हीच लावून दिलात.”

“नंबर मी सगळ्यालाच लावून देतो,” काका म्हणाले आणि पुन्हा नळाकडे वळले. “तू कुठं बोलू नको, मी सांगितलं म्हणून. माझी पोरं इथल्याच भाकरीवर हायत.”

तिला तो दिवस आठवला. आबा खुर्चीच्या कडेवर टेकलेले, घोंगडी मांडीवर, पायातल्या वहाणा बाहेर काढून ठेवलेल्या. साहेबांनी स्पीकरवर तहसीलच्या माणसाला फैलावर घेतलं, तेव्हा आबांनी वळून तिच्या टेबलाकडे पाहिलं होतं. ‘बघ’ असं त्या नजरेत होतं. संध्याकाळी त्यांनी अख्ख्या वस्तीला पेढे वाटले. आणि ती शिकलेली, कॉम्प्युटरवाली, रोज त्याच हॉलमध्ये बसणारी पोरगी, तिनेही पेढा खाल्ला होता. मशीनला नावं ठेवण्यात काय अर्थ होता? मशीनला जेवढं कळलं होतं, तेवढंच तिला कळलं होतं.

संध्याकाळच्या एसटीतून ती फाट्यावर उतरली, तेव्हा कळप रस्त्यावरच होता. आई पुढून फडकं हलवत येत होती. एक ट्रक अंगावर येऊन करकचून थांबला आणि ड्रायव्हरने खिडकीतून आईला शिवी हासडली. आईने मान वर केली नाही. तिला त्याची सवय झाली होती. धनश्रीला सवय झाली नव्हती. ती मेंढरांच्या बाजूने पळत सुटली आणि मागे राहिलेली दोन कोकरं उचलून घेऊन चालू लागली.

“परवा मंडळ अधिकारी येतोय न्हवं?” आबांनी विचारलं.

“तारीख तर दिलीय.”

“तर म्हणजे काय? साहेबांनी माझ्यासमोर फोन केलता. मी काय झोपेत व्हतो का?”

“आबा, नुसत्या फोनने…”

“नुसता? तू व्हतीस की तिथं. कसा थरथरत व्हता पलीकडचा! अमरसिंहाला वाटत असंल, धनगराला कोण इचारतंय. इचारतंय म्हणावं.”

मेंढरांच्या वाड्याचं फाटक लावेपर्यंत आबा तेच बोलत होते. धनश्रीच्या ओठांवर आलेलं तिने तीनदा गिळलं. सांगून करायचं काय? आबांकडे कळपाखेरीज आता तेवढा एक फोनच होता, आणि तो त्यांनी गावभर मिरवला होता.

चुलीपुढे भाकरी थापताना ती मनातल्या मनात चरफडत होती. वर्णन साहेबांना हवं तसं लिहावं, तर मशीन उद्याच आबांच्या कामाचा नाद सोडणार. चौकशी थांबली, की गुरुवारी मंडळ अधिकारी कशाला ऊन खायला येतो? लिहू नये, तर साहेब दुसऱ्या कुणाला तरी बसवून लिहून घेणार, तिची नोकरी जाणार आणि वाटही. म्हणजे आबांच्या वाटेत तार लावायचं काम तिच्याच हातून व्हायचं होतं, तेही शुद्ध मराठीत, चार ओळींत. तिला स्वतःचीच चीड आली, साहेबांची आली, काकांची आली, आणि सगळ्यात जास्त त्या ‘समजायचं असतंय’ची आली. सगळ्यांना समजत होतं, म्हणून कुणाला कधी बोलावं लागलं नव्हतं. एकदा तरी कुणी ते तोंडाने म्हणावं! भाकरी करपली, तेव्हा आईने तिला चुलीपासून उठवलं.

बुधवारी सकाळी ती पहिल्या गाडीने गेली आणि दरबार भरायच्या आत लिहायला बसली. हात अडखळले नाहीत. इतके दिवस अडखळत होतं ते माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत होतं. काल गावात आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं तिने लिहिलं. मग लॅपटॉप उचलून आतल्या खोलीच्या दारावर टकटक केली.

साहेब पेपर चाळत होते. काका त्यांच्यासमोर दिवसाच्या भेटी वाचत उभे होते. बाहेर हॉल भरत आला होता.

“झालं का नीट?” साहेबांनी विचारलं.

“झालंय. पण चालू करायच्या आधी तुम्ही एकदा ऐकून घ्या, साहेब. तुमच्या नावाने चालणार आहे.”

“वाच.”

धनश्रीने वाचलं. “‘साहेब दोन प्रकारचे फोन करतात. हॉलमध्ये, लोकांसमोर, स्पीकरवर केलेला फोन समोरच्या माणसाचं समाधान व्हावं म्हणून असतो. ते काम व्हावं अशी अपेक्षा नसते. त्या कामाचा पाठपुरावा करू नकोस. आतल्या खोलीतून केलेला फोन काम व्हावं म्हणून असतो. त्याचाच पाठपुरावा कर.’”

काकांच्या हातातला कागद हलायचा थांबला. साहेबांनी पेपर खाली ठेवला.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“मी रोज इथंच बसते, साहेब. दिसतं.”

“दिसतंय म्हणून असं लिहीत असतात का कुठं?”

“मग कसं लिहू? तुम्ही सांगाल तसं टाइप करते. इथल्या इथं तपासूनही बघता येतं.”

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तो असता तर साहेबांना सोपं गेलं असतं. त्यांनी छताकडे पाहत सांगायला सुरुवात केली. “लिही, योग्य कामांचा योग्य तो पाठपुरावा करावा.” धनश्रीने टाइप केलं आणि सटवाचं काम मशीनला देऊन पाहिलं. मशीनने पडद्यावर नम्रपणे विचारलं, योग्य काम म्हणजे कोणतं?

“मी सांगेन त्याच कामाचा, असं लिही.”

“हॉलमध्ये तुम्हीच सांगता, साहेब. आत्ताच्या आत्ता करा म्हणून. मशीन ते सांगणंच धरणार.”

“मग ते टूलच काढून टाक.”

“काढते. पण कुणी विचारलं, की मशीन सांगेल, इथे पाठपुराव्याची सोय नाही.”

साहेबांची नजर खिडकीतून समोरच्या फलकावर गेली. झेडपीची निवडणूक तोंडावर होती, आणि फलकावर ‘पाठपुरावा’ हा शब्द त्यांच्या नावापेक्षा मोठा होता.

“बरं, असं लिही,” ते सावकाश म्हणाले, “प्रत्येक फोननंतर मशीननं आधी मला इचारावं. मी हो म्हणलो, तरच पुढं जावं. झालं! यात काय अवघड हाय?”

धनश्रीने लिहिलं आणि पुन्हा सटवाचं काम दिलं. क्षणभराने साहेबांचा फोन वाजला. त्यांनी सवयीने उचलला आणि सवयीनेच अंगठा स्पीकरवर गेला.

“नमस्कार साहेब,” मशीनचा गोड, स्पष्ट आवाज खोलीत आणि अर्ध्या उघड्या दारातून पलीकडे घुमला. “सटवा यांच्या डीपीसाठी आपण हॉलमधून इंजिनियर साहेबांना फोन केला होता. त्या कामाचा खरंच पाठपुरावा करायचा का?”

बाहेरची कुजबुज बंद पडली. खुर्च्यांची करकर थांबली. कुणीतरी खोकला दाबला. काकांनी पुढे होऊन दार लोटून घेतलं, पण उशीर झाला होता.

साहेबांनी फोन कापला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“तू लिहिलेलं ते दोन फोनांचं, पुसून टाक,” ते म्हणाले. “माझ्यासमोर. कुठं उरायला नको.”

तिने पुसलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला.

“आता काय ठेवू?”

“पहिलं व्हतं तेच ठेव.”

“म्हणजे हॉलमधल्या सगळ्या कामांचा पाठपुरावा होणार, साहेब.”

“मला मराठी कळतंय,” साहेब खेकसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आन् ते वाटेचं. राधाकिशन. कोण हाय हा? अमरसिंहानं डोकं खाल्लंय माझं.”

काका खिडकीबाहेर बघू लागले.

“माझे वडील आहेत,” धनश्री म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, आपलं माणूस उपाशी बसलं आणि आपल्याला कळलंच नाही, अशी काहीतरी हळहळ होती.

“मग कावून सांगितलं न्हाई आधी? आत येऊन सांगायचं न्हवतं का? आतनं फोन केला असता.”

इतका वेळ ताठ उभी असलेली धनश्री त्या एका वाक्याने हलली. रडू येईल असं तिला वाटलं, ते रागाचं होतं. आबा वहाणा बाहेर काढून हॉलमध्ये बसले होते, रांगेत, सगळ्यांसारखे. त्यांनी चूक केली होती ती एवढीच. आणि ती सुधारायला मशीनही लागलं नसतं, अर्जही लागला नसता. दार ढकलून आत यायचं होतं. तिला ‘आभारी आहे’ म्हणता येईना आणि ‘नको’ही म्हणता येईना. ती लॅपटॉप छातीशी धरून बाहेर आली. पाठोपाठ काकाही आले. मागे दार बंद झालं.

दाराआडून साहेबांचा आवाज येत होता. चढा नव्हता, हळू होता. “अमरसिंह, तार काढून घे… न्हाई, ऐक माझं. उद्या त्यो अधिकारी येऊन काढील, त्यापेक्षा तूच काढ. मी येतो. मीच नारळ फोडतो. फोटोत तुला बी घेतो, मग तर झालं?”

थोड्या वेळाने साहेब दारात आले. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

“बापाला सांग, उद्या धा वाजता वाटेवर थांब म्हणावं. घोंगडी घेऊन. मी येतोय.”

तिने अंगणात जाऊन आबांना फोन लावला. मागून मेंढरांचा गलका ऐकू येत होता आणि मधूनच गाड्यांचे हॉर्न. तिने निरोप सांगितला. मग आबांनी आईला जोरात हाक मारली, ते फोन कानाशी असतानाच.

“ऐकलंस का गं? वाट मोकळी झाली!” आणि मग धनश्रीला, “मी म्हणलं न्हवतं? तुला त्या मशीनीचं कौतुक. माणसाचा शब्द येगळा असतोय, पोरी. माझ्यासमोर फोन केलता त्यांनी!”

धनश्रीने डोळे मिटून घेतले. सांगायला कितीतरी होतं. मशीनने किती फोन लावले ते होतं, हॉल आणि आतली खोली होती, आणि आज सकाळी तिने पुसून टाकलेल्या ओळी होत्या.

“व्हय आबा,” ती म्हणाली. “व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळवा.”

“ते तर आत्ताच कळवतो!”

ती आत येऊन टेबलाशी बसली. काकांनी तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि आपल्या जागी गेले. दरबार सुरू झाला होता. हॉलमधली माणसं रोजच्यापेक्षा गप्प होती. मघाचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण त्यावर कुणी काही विचारलं नाही, आणि साहेबांनीही कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

पहिला नंबर छबुबाईंचा होता. म्हातारी महिन्यातून एकदा तरी यायची. धनश्रीने तिला कितीदा याच खुर्चीवरून खुशीत उठून जाताना पाहिलं होतं. आज तिने पदर सावरत नमस्कार केला, दोन शब्द बोलली न बोलली, तोच साहेबांचा हात वर गेला. काकांनी नंबर लावून फोन पुढे धरला. अंगठा स्पीकरवर गेला आणि तिथेच थांबला. पलीकडे रिंग वाजत होती. साहेबांनी धनश्रीच्या टेबलाकडे एक नजर टाकली. तिथे मशीन तयार बसलं होतं, आणि त्याला आता पुन्हा पहिलंच वर्णन होतं, प्रत्येक फोनचा पाठपुरावा करायला लावणारं.

त्यांनी रिंग तोडली आणि फोन मांडीवर ठेवला.

“थांबा बाई,” साहेब म्हणाले. “आधी नीट सांगा. तुमचं काम नेमकं काय हाय?”

छबुबाई गोंधळून काकांकडे बघू लागल्या. मग हळूच खुर्चीत मागे सरकून, नीट बसल्या.